दोन कार्यक्रमांच्या मधली भीती

दूरदर्शनची आठवण निघाली की माझ्या वयाची माणसं हळवी होतात. मला मात्र आधी पोटातला गोळा आठवतो. काळ्या पडद्यावर दूरदर्शनच्या चिन्हाचे ते दोन वक्र आकार गरगरत यायचे, मागे आपल्याच छायांची रांग सोडायचे, सनई आर्त सूर लावायची आणि शेवटी सगळ्याचा मिळून एक डोळा व्हायचा. तो थेट माझ्याकडे बघतोय अशी माझी खात्री होती. सोबत ‘सत्यं शिवं सुंदरम्’ ही अक्षरं यायची, पण तोवर मी आजीच्या पदरात तोंड खुपसलेलं असायचं.

दुसरी भीती वेताळाची. १९८५ मध्ये रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ मालिका सुरू झाली. रविवारी संध्याकाळच्या सुमारास अख्ख्या चाळीतली पोरं आमच्या खोलीत जमायची. राजा विक्रम झाले होते अरुण गोविल, वेताळ सज्जन. पांढरे मोकळे केस, ते खदखदून हसणं, राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगणं आणि राजानं तोंड उघडलं की भुर्रकन झाडाकडे परत जाणं. रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत एकटं जायची कुणाची टाप नव्हती.

माझी पंचाईत दुहेरी होती. आमचं आजोळ वेंगुर्ल्याजवळचं. तिथून आरवलीचा वेतोबा लांब नाही. वेतोबा म्हणजे वेताळच, पण तो गावाचा राखणदार. रात्री गावाच्या सीमेवर फेरी मारतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात आणि लोक नवसाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. मे महिन्यात देवळात गेल्यावर मी त्या वहाणांचे तळवे निरखून पाहायचे. “अगो, तो आपलो देव, तेका कित्या भियातंस?” असं आजी म्हणायची. मला मात्र टीव्हीवरचा वेताळ खोटा आहे असं समजावणाऱ्या मोठ्या माणसांवर विश्वासच बसेना. खोटा असेल, तर वहाणा कोणाच्या झिजतात?

हे सगळं पुन्हा समोर आलं ते मामांची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा. मामा मस्कतला नोकरीला होते. येताना आणलेल्या व्हीसीआरवर ते काय वाटेल ते रेकॉर्ड करून ठेवत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन-तीन तासांच्या कॅसेट निघाल्या. काहींवर मामींच्या अक्षरात ‘लग्न, पुसू नये’ अशी ताकीद होती. लग्न वगैरे काही नव्हतं. रविवार होते.

कॅसेट डिजिटल करून देणाऱ्याकडून त्या उतरवून घेतल्या आणि दादाला घरी बोलावलं. वेताळ पाहून आम्ही दोघंही गप्प झालो. प्रत्येक भागात तो सुरुवातीला आणि शेवटी, जेमतेम काही मिनिटं. मधला सगळा वेळ राजे, राजकन्या, न्यायनिवाडे. आणि ती राजकन्या पाहावी तर पुढे ‘रामायणा’त सीता झालेल्या दीपिका चिखलिया! दादा शपथेवर सांगत होता की वेताळाचे डोळे लाल होते. मला ते पांढरे आठवत होते. आमच्याकडचा तेव्हाचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. म्हणजे दादाचा लाल रंग त्याचा स्वतःचा.

खरा धक्का त्याच्या आधी बसला. मामांनी रेकॉर्डिंगचं बटण जरा लवकर दाबलं होतं. त्यामुळे कॅसेटवर निवेदिका होती, जाहिराती होत्या, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी होती आणि तो डोळाही होता. सनई सुरू झाली आणि पोटात तोच गोळा आला. वेताळानं आता हसू आणलं, डोळ्यानं नाही.

मग त्या डोळ्याचा माग काढला. ते चिन्ह अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये (एनआयडी) शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेलं. तिथल्याच आर. एल. मिस्त्री यांनी त्याच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवून फिरवून ते चलत्‌चित्र तयार केलं. संगीत पंडित रविशंकर यांचं, सोबत उस्ताद अली अहमद हुसेन खान. इतक्या गुणी माणसांनी मिळून मला घाबरवलं होतं, हे कळल्यावर थोडा अभिमानच वाटला.

अमेरिकेतही असंच घडलेलं आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेच्या एका भागात ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातली दुष्ट चेटकीण आली होती, चित्रपटातल्याच अभिनेत्रीनं, मार्गारेट हॅमिल्टननं साकारलेली. १० फेब्रुवारी १९७६ला तो भाग लागला, मुलं घाबरली, पालकांची पत्रं आली आणि तो पुन्हा दाखवलाच नाही. तो पूर्ण पाहायला मिळाला थेट २०२२ मध्ये, इंटरनेटवर. आमच्याकडे पत्र कोण लिहिणार? आम्ही गोधडीत शिरायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

मालिका निर्मात्यांनी जपल्या. पण दोन कार्यक्रमांच्या मधलं जे होतं, ते कुणाच्या खात्यावर नव्हतं. त्या निवेदिका, त्या पाट्या, प्रक्षेपणाची ती सुरुवात. टेप महाग होत्या, त्यामुळे त्यांच्यावर पुन्हा पुन्हा चित्रण करायची पद्धत जगभर होती. आपलं लहानपण दबा धरून बसलंय ते या मधल्या तुकड्यांत, आणि ते सापडले तर घरच्या कॅसेटमध्येच सापडतील.

तेव्हा माळा आवरताना जुन्या व्हीएचएस भंगारात देऊ नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, पट्टी तुटते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि उतरवून घेताना जाहिराती कापायला सांगू नका. बाकीचं कुठे ना कुठे मिळेल, तेवढं मिळणार नाही.