तीर्थरूपांचे तैलचित्र

१९७० साली सिडको स्थापन झाली व खाडीकाठी नवी मुंबई वसू लागली. त्या नगरीत बिऱ्हाड करिताना तीर्थरूपांचे कॅनव्हासवरील तैलचित्र, रंगीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळून, आम्ही बरोबर आणिले. चिरंजीव पुतण्याचे मत, ते फळीवर चिकटवावे. आम्ही नको म्हटले. चिकटविलेले कापड पुढे सोडविताना रंगाचे पोपडे निघतात. चौकटीवर प्रथम चारही बाजूंचे मध्य खिळ्यांनी पक्के करावे, मग समोरासमोर ताणीत कोपऱ्यांकडे जावे. कोपरे न चिकटविता आत लाकडी पाचरी बसवाव्या. दमट हवेने कापड सैलावल्यास त्या हलकेच ठोकाव्या. अति ताणल्यास जुना रंग तडकतो. पाचरी पुतण्यानेच तासल्या. आजोबांस त्याने पाहिले नव्हते. खिळे मारिताना मध्येच थांबून म्हणाला, “काका, कपाळ अगदी तुमचेच!”