ओसरीवरचा काजवा

दिवाळीत काजवे कुठून आले, असे तुम्ही विचाराल, आणि ते बरोबरच आहे. काजव्यांचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीचा. वळवाचे चार थेंब पडून गेलेले असावेत, मृग तोंडावर आलेला असावा, अशा वेळी ते झाडांवर उतरतात. आणि पाऊस एकदा धो धो लागला की कुठे नाहीसे होतात ते कळतही नाही. आश्विनातल्या काळोखाशी त्यांचे काही नाते नाही. तरीही यंदा राहूच्या आमच्या घरी वसुबारसेच्या संध्याकाळी पणतीच्याही आधी काजवा लागला. तो लावला माझ्या नातीने. आणि त्याचे पोट माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे होते!

हे कोडे उलगडायचे तर थोडे मागे जायला हवे.

माझे माहेर अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या अंगाचे. तिकडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे असे उतरतात की झाडाची पाने दिसत नाहीत, नुसता उजेडच श्वास घेताना दिसतो. एक झाड लुकलुकले की पलीकडचे लुकलुकते. आता ते पाहायला पुण्यामुंबईची माणसे गाड्या भरभरून येतात. आम्हां मुलांना मात्र त्याचे कौतुक नव्हते. आम्ही काजवे धरून बाटलीत कोंडायचे, आणि सकाळी बाटलीच्या तळाशी काळपट किडे तेवढे पडलेले असायचे. आई म्हणे, "चार दिवसांचे पाहुणे ते. त्यांची रात्र कशाला चोरता?" आईचे बोलणे त्या वेळी कानावरून गेले. ते मनात शिरायला पुढे बरीच वर्षे लागली.

१९७३ साली, दुष्काळ सरता सरता, माझे लग्न झाले आणि मी राहूला आले. मुलगा 'राहूबेटातला' आहे असे ऐकल्यावर मी मनाशी समुद्र, नारळी आणि होड्या असा सगळा थाट मांडून ठेवला होता. प्रत्यक्षात बेट निघाले ते दोन नद्यांच्या बेचक्यातले. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मधे जिकडे पाहावे तिकडे ऊस! पहिल्या उन्हाळ्यात मी रोज रात्री परसात जाऊन काजवे शोधी. ओढ्याकाठी दोन-चार दिसत. झाड भरून काही दिसेना. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं काजवे फक्त डोळ्यांपुढं चमकतात, अन् तेही उसाची मोळी डोक्यावर घेतल्यावर!"

पण एक काजवा मला राहूत सापडला. विहीर सामाईक होती, आणि पाण्याची पाळी पुष्कळदा रात्रीची येई. हे जेवून उठले की खांद्यावर घोंगडी, हातात खोरे आणि बॅटरी घेऊन मळ्यात जात. ओसरीवर उभे राहिले की अंधारात बॅटरीचा तो ठिपका सरीसरीने पुढे सरकताना दिसे. मधेच तो उसाआड जाई. मग माझा जीव टांगणीला लागे. विंचूकाटा, साप, विहिरीचा काठ, सगळे एकदम आठवे. एका रात्री ठिपका फार वेळ दिसेना, म्हणून मी कंदील उचलून ओसरीच्या कडेला गेले. तेवढ्यात बांधावरून बॅटरी दोनदा उघडली-मिटली. मीही कंदील दोनदा वरखाली केला. बस्स, तेवढेच! पुढे हा परिपाठच झाला. त्याविषयी आम्ही दोघे आयुष्यात एक अवाक्षर बोललो नाही. आमच्या वेळी नवराबायकोंनी असले बोलायची पद्धतच नव्हती. सासूबाईंनी मात्र एकदा अंथरुणातून विचारले, "गायीला बघायला आज चौथ्यांदा उठलीस का गं?"

हे गेले त्याला आता पाच वर्षे झाली. कंदील माळ्यावर पडून आहे. विहिरीवर विजेची मोटार आली. पण शेतीची वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. तेव्हा रात्रीचे पाणी काही चुकले नाही, फक्त खोरे वडिलांच्या हातून मुलाच्या हाती गेले. शिवाय आता नवी धास्ती आली आहे ती बिबट्याची. उसातच त्याची मादी पिल्ले घालते, तिथेच ती वाढतात. ऊसतोड सुरू झाली की आसरा मोडतो आणि जनावर बावरून बाहेर पडते. शिरूर, जुन्नर, दौंड, कुठूनही बातमी आली की घरातले सगळे गप्प होतात. दिवेलागणीनंतर पोरांना अंगणात सोडायची सोय उरली नाही. माझी नात दहा वर्षांची आहे, पण पूर्ण अंधार कसा असतो तो तिने धड पाहिलेला नाही. जो पाहिला आहे, त्याची तिला भीतीच वाटते.

म्हणून यंदा दसरा झाल्यावर ती "आजी, काजवे करू या," म्हणाली, तेव्हा मी लगेच हो म्हटले. शाळेत तिने कुठेसे वाचले होते. पसारा मांडला तो असा: हरभऱ्याएवढे एलईडी दिवे, रुपयाच्या नाण्याएवढे चपटे सेल, चिकटपट्टी, काळा कागद, पंखांसाठी उसाचे वाळलेले पाचट. दिव्याला दोन पाय असतात, एक लांब आणि एक आखूड. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला टेकवायचा, आखूड उणे बाजूला. मधे सेल चिमटीत धरल्यासारखा बसतो आणि दिवा लागतो. पहिले तीन काजवे लागलेच नाहीत, कारण पाय उलटे बसवले होते. चौथा लागला तेव्हा दोघी एकदम ओरडलो! मग त्याला पोट हवे. काच जड, कागद आंधळा. नात घरभर हिंडली आणि माझ्या गोळ्यांचे रिकामे पाकीट घेऊन आली. त्यातला एकेक पारदर्शक फुगवटा कात्रीने कापून दिव्यावर बसवला, तर हुबेहूब काजव्याचे पोट! सेलची मोजदाद मात्र मी माझ्याकडे ठेवली. एक घरंगळला, तर तो सापडेपर्यंत कोणाला जेवू दिले नाही. आमच्याकडे रांगते मूल आहे, आणि असला सेल पोटात गेला तर थोड्या तासांत आतून भाजतो.

हात चालत होते तशी नातीची जीभही चालत होती. काजवा म्हणजे माशी नव्हे, भुंगेऱ्याच्या कुळातला किडा. त्याच्या जगात दोन हजारांवर जाती आहेत. अळी असताना तो गोगलगायी खातो. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते, त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो, पण चटका म्हणून बसत नाही. आणखी एक गंमत तिने सांगितली. २०१३ साली बेल्जियम, फ्रान्स आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी काजव्याच्या पोटावरच्या खवल्यांची ठेवण पाहून तसाच दातेरी थर एलईडीवर चढवला, तर बाहेर पडणारा उजेड निम्म्याहून अधिक वाढला. म्हणजे आम्ही दिव्यापासून काजवा करीत होतो, आणि जगात कोणी काजव्यापासून दिवा शिकत होते!

"आणि आजी, लुकलुकतो कशाला माहीत आहे? पुष्कळ जातींत नर उडता उडता खूण करतो. मादी खाली गवतात बसलेली असते. ती ठराविक वेळ थांबते आणि मग उत्तर देते. तिचे उत्तर दिसले की तो बरोबर तिथे येतो."

माझ्या हातातले पाचट तसेच राहिले. "दोनदा देते का गं उत्तर?" मी विचारले. पोर म्हणाली, "ते जातीवर आहे." मी मान हलवली. पन्नास वर्षे जी गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, ती या दहा वर्षांच्या पोरीने पुस्तकातून वाचून दाखवली होती.

वसुबारसेला पाण्याची पाळी नेमकी रात्रीची आली. गायवासराची पूजा झाली, मुलगा दोन घास खाऊन बॅटरी घेऊन गेला. नातीने अकरा काजवे लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडले, बाभळीची एक फांदी आत उभी केली आणि बरणी ओसरीच्या कडेला मांडली. बाराव्या काजव्याला तिने सेल आणि दिव्याचा पाय यांच्यामधे पुठ्ठ्याची पट्टी घातली होती. पट्टी ओढली की लागे, सारली की विझे. तो तिने स्वतःच्या हाती ठेवला. "बाबांना घर दिसायला हवे ना," ती म्हणाली. मग दार उघडे ठेवून, माझ्या पदराला धरून, ती प्रथमच अंधाराकडे तोंड करून बसली.

दहा वाजले. ठिपका उसाआड गेला. मुलाच्या खिशात फोन होता. करता आला असता. पण कोणी केला नाही. नात माझा पदर घट्ट घट्ट करीत होती आणि मी तिला मुंबईकर पाहुण्यांच्या गोष्टी सांगत होते, ज्यांतली एकही माझ्या लक्षात नाही.

मग बांधावर उजेड दिसला. बॅटरी उघडली, मिटली; उघडली, मिटली. वडिलांनी त्याला हे कधी शिकवले, की लहानपणी जागेपणी पाहून त्यानेच उचलले, कोण जाणे! नातीने पट्टी ओढली, सारली, ओढली, सारली.

एवढ्यात पाठीमागे काकणे वाजली. वळून पाहते तो सून उंबऱ्यात उभी. कपाळावरचा घाम पुसत ती घाईघाईने म्हणाली, "गायीला वैरण टाकायची राहिली होती, म्हणून आले."

वैरण तर मी स्वतः दिवेलागणीलाच टाकली होती. पण मी काही बोलले नाही. थोडे सरकून तिला ओसरीवर जागा करून दिली.