सासूबाईंचा एकच फोटो

सासूबाईंचा घरात एकच फोटो, तोही कृष्णधवल. वर्षश्राद्धाला मोठा करून लावावा म्हणून घरच्याच इंकजेट प्रिंटरवर काढला, तर चेहरा हिरवट! नुसत्या काळ्या शाईवर काढला, तर गालांवर ठिपके. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आई अशी आजारी दिसत नव्हती हो." मनाला लागलं.

जुळे सोलापुरातल्या एका फोटोवाल्यांनी उलगडा केला. साधा प्रिंटर रंगीत शाया मिसळून करडा रंग करतो. प्रमाण जरा चुकलं की छटा येते. त्यांच्या प्रिंटरात करड्या शाईची वेगळी कार्ट्रिज होती. दोन्ही प्रिंट खिडकीशी शेजारी धरले. यात कुंकू, इरकलीचे काठ, सगळं उठून दिसलं.

तेव्हा मैत्रिणींनो, "करडी शाई आहे ना?" एवढं आधी विचाराच.

वन्सं फोटोपुढे थबकल्या नि म्हणाल्या, "ही माझी आई!"