बिऱ्हाड नवे, डोंगरही नवे

नवऱ्याची बदली झाली की बायकोच्या वाट्याला काय काय येतं, हे तुम्हांला का सांगायला हवं? नवा दूधवाला, मुलांची नवी शाळा, नवा शेजार. पण मला खरी चुटपुट लागली ती सिंहगडाची. पुण्यात असताना आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी पहाटे गड चढायचो. आठवडाभराचा शीण तिथे उतरायचा. साताऱ्यात आल्यावर ते सारं संपलं, असंच मी धरून चालले. गंमत पाहा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज अजिंक्यतारा दिसत होता आणि मी ओट्याशी उभी राहून सिंहगडासाठी उसासे टाकत होते!

शेवटी एकदा भर आषाढात ह्यांना गळ घातली. नकाशात पाहून एका आडवाटेने निघालो. धुकं उतरलं, वाट दिसेना आणि शेवाळावरून लेकीचा पाय घसरला. खरचटण्यावर निभावलं, पण रात्रभर मला झोप नाही. हौस माझी आणि लागलं पोरीला!

दुसऱ्या दिवशी दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं. त्या परळी खोऱ्यातल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो ताई, पावसात आडरानात कशाला शिरायचं? आधी मंगळाईला जावा की! पहाटे किती बाया चढत्यात तिथं!"

रविवारी भीतभीतच अजिंक्यताऱ्याची वाट धरली. खरोखरच वाटेवर सासवा-सुना, पोरीबाळी, साठीच्या आजी! मंगळाईपुढे हात जोडले आणि तटावर उभी राहिले. १७०० साली औरंगजेबाने जिंकलेला हा किल्ला ताराराणींच्या कारकिर्दीत मराठ्यांनी परत मिळवला. खाली पसरलेल्या शहरात मी माझं घर शोधलं. ते सापडलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे आपलं गाव.

तेव्हापासून एक शिकले. वाट विचारायची ती जिचे पाय रोज त्या वाटेने जातात तिला. मावशींच्याच सांगण्यावरून पुढे सज्जनगड झाला. पायऱ्या असल्यामुळे सासूबाईही बसत-उठत चढल्या, समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं म्हणून सुखावल्या. पाऊस ओसरल्यावर फुललेलं कासचं पठारही पाहिलं. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. फुलांच्या दिवसांत मात्र तिथे आधी नोंदणी करून जावं.

तुम्हीही नव्या गावी असाल, तर पहिली चढण जवळची आणि वर्दळीची निवडा. चपला नकोत, तळ पकड घेणारे बूट घाला. अत्तर लावू नका, मधमाश्या चवताळतात. पाणी, लिंबू, पोळीभाजी बरोबर घ्या आणि कुठे जातो ते शेजारी सांगून निघा.

गेल्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात नवी मंडळी आली. वहिनी जरा उदास दिसल्या. चहाला बोलावलं आणि सांगून टाकलं, "रविवारी पहाटे साडेपाचला तयार राहा बरं!"