धाकटी पाती

धाकट्या भावाचं दुःख धाकट्यालाच ठाऊक. थोरल्याचं बारसं थाटात, धाकट्याचं घरच्या घरी. थोरल्याला नवी कोरी सायकल, धाकट्याला तीच सायकल चार वर्षांनी, घंटा मोडलेली. शाळेत गेला तरी मास्तरांचा पहिला प्रश्न, 'तू अमक्याचा भाऊ ना?' पण पुढे केव्हा तरी पाहुण्यारावळ्यांच्या लक्षात येतं की थोरल्यापुढे जरा सावरून बसावं लागतं, धाकट्याशी मात्र मोकळ्या गप्पा होतात. घराणं तेच, वळण तेच. दिमाख तेवढा कमी.

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आसपास अशी धाकटी पाती चक्क बाटलीत भरून विकतात. तिथल्या नामवंत द्राक्षमळ्यांची एक थोरली वाइन असते, मळ्याचं नाव मिरवणारी. आणि त्याच मळ्याची, त्याच हातांनी केलेली एक धाकटी वाइन असते, वेगळ्या नावाची. फ्रेंच लोक तिला सरळ 'दुसरी वाइन' म्हणतात. ज्यांच्या घरात वाइन येत नाही त्यांनीही ही गोष्ट ऐकायला हरकत नाही. तिच्यात पिण्यापेक्षा माणसांच्या स्वभावाचाच भाग अधिक आहे.

बोर्दोत अशा मळ्याला 'शातो' म्हणतात. शब्दाचा अर्थ गढी किंवा वाडा. पण व्यवहारात वाडा, त्याभोवतीची द्राक्षबाग आणि वाइनचं तळघर, सगळं मिळून शातो. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा बोर्दोच्या वाइन दलालांनी मळ्यांची प्रतवारी लावून दिली. निकष साधा होता : बाजारात कुणाच्या वाइनला किती भाव मिळतो! लाल वाइनच्या साठेक मळ्यांचे पाच वर्ग पडले. पहिल्या वर्गात चारच नावं बसली : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (यातल्या लातूरचा आपल्या मराठवाड्यातल्या लातूरशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'ला तूर' म्हणजे बुरूज, आणि त्या बाटलीवर बुरुजाचंच चित्र असतं.)

मुटाँ नावाच्या मळ्याला मात्र दलालांनी दुसऱ्या वर्गात बसवलं. ही गोष्ट मालकांच्या जिव्हारी लागली. पहिलं होता येत नाही, दुसरं म्हणवून घेणं रुचत नाही, तेव्हा आम्ही आपले नुसते मुटाँ, अशा अर्थाचं ब्रीदच त्या घराण्यानं मिरवलं. १९२२ साली जेमतेम विशीतला फिलिप द रॉथशील्ड या मळ्याचा कारभार पाहू लागला आणि त्यानं पुढची पन्नास वर्षं हा दुसऱ्या नंबरचा डाग पुसण्यासाठी खर्च केली. अखेर १९७३ साली मुटाँला पहिल्या वर्गात बढती मिळाली. हुकमावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले ते.

गंमत अशी, की 'दुसरा' या शब्दाचं ज्याला एवढं वावडं, त्यानंच स्वतःच्या वाइनला धाकटं भावंड आणलं! त्या काळी मळेवाले वाइन पिंपांतून शहरातल्या व्यापाऱ्यांकडे पाठवत आणि बाटल्या व्यापारी भरत. फिलिपनं १९२४ साली ठरवलं, की मुटाँची सगळी वाइन मळ्यावरच बाटलीत भरायची. निर्णय धाडसी होता, पण त्याचं एक ओझंही होतं. आता बाटलीत जे निघेल त्याला जबाबदार मालकच. व्यापाऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.

आणि १९३० चं पीक वाईट आलं. वाइन अगदीच टाकाऊ नव्हती, पण मुटाँचं नाव लावण्याजोगीही नव्हती. नाव लावावं तर अब्रू जाते, ओतून द्यावी तर पैसे जातात. फिलिपनं मधला मार्ग काढला. ती वाइन त्यानं 'मुटाँ कादे' या नावानं, कमी किमतीत विकली. फ्रेंचमध्ये 'कादे' म्हणजे धाकटा. फिलिप स्वतःही आपल्या घरातला शेंडेफळ होता. लोकांना ही स्वस्त आणि मस्त वाइन इतकी आवडली, की पुढे तिच्यासाठी बाहेरची द्राक्षं आणि वाइन घ्यावी लागली, आणि आता ती बोर्दोभरच्या द्राक्षांतून बनणारी स्वतंत्र, मोठ्या खपाची वाइन झाली आहे. मुटाँच्या स्वतःच्या मळ्यातली खरीखुरी दुसरी वाइन १९९३ च्या हंगामापासून निघते. तिचं नाव 'पती मुटाँ', म्हणजे छोटा मुटाँ.

तर थोरली कुठली आणि धाकटी कुठली, हे ठरतं कसं? द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात. मळ्याचे तुकडे पाडलेले असतात. कुठे खडीची जमीन, कुठे चिकणमाती. कुठे पन्नास वर्षांचे जुने वेल, कुठे आठ-दहा वर्षांचे पोरवयातले. वाणही वेगवेगळे, कुठे काबर्ने सोव्हिन्यों, कुठे मेर्लो. प्रत्येक तुकड्याची द्राक्षं शक्यतो वेगळ्या टाकीत आंबवतात. मग हिवाळ्यात मालक, तळघराचा कारभारी आणि सल्लागार एका टेबलाभोवती बसतात. समोर नमुन्यांचे पेले. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकून टाकायचा आणि मत द्यायचं. हा थोरलीत, हा धाकटीत, हा दोन्हीत नको.

हे टेबल म्हणजे त्या मळ्याची खरी परीक्षा. कारण धाकटीत ढकललेल्या प्रत्येक पिंपामागे पैसा बुडतो. दुसऱ्या वाइनला थोरलीच्या निम्म्यानंही भाव येत नाही, बहुतेकदा त्याहून बराच कमी येतो. पेल्यातली वाइन वाईट नसते. शेजारच्या साध्या मळेवाल्यानं ती आपली सर्वोत्तम म्हणून अभिमानानं विकली असती. पण इथे मालकाला स्वतःच्याच लेकराला सांगावं लागतं, 'तू चांगला आहेस, पण हे नाव तुला लावता येणार नाही.' बाहेरच्या कुणी नाही, घरच्यानंच सांगायचं. आणि ते दरवर्षी.

हे सांगण्याची हिंमत सुटली की काय होतं, नि धरली की काय होतं, ते शातो मार्गोच्या गोष्टीत दिसतं. मार्गोला दुसरी वाइन नवी नव्हती. 'पाव्हियों रूज', म्हणजे लाल मंडप, हे तिचं नाव १९०८ पासूनचं. पण १९३० च्या दशकात ती बंद पडली. पुढे १९७३-७४ च्या सुमारास बोर्दोत भाव कोसळले, व्यापारी कर्जात बुडाले आणि मार्गोच्या मालकांवर मळा विकायची पाळी आली. एक अमेरिकन कंपनी घ्यायला तयार होती, पण आपलं वैभव परक्यांच्या हाती जाऊ द्यायला फ्रेंच सरकार राजी झालं नाही.

१९७७ साली मार्गो घेतलं आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी. जन्मानं ग्रीक. तरुणपणी आशियात येऊन धान्याच्या व्यापारात पैसा कमावलेला, मग फ्रान्समध्ये किराणा दुकानांची मोठी साखळी विकत घेतलेली. वाइनवाल्या बड्या घराण्यांनी नाकं मुरडली नसतील तरच नवल! पण या किराणावाल्यानं आल्या आल्या जे केलं ते भल्याभल्यांना जमलं नव्हतं. जमिनीतल्या पाण्याचा निचरा सुधारला, नवे वेल लावले, एमिल पेनो या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या वाइनतज्ज्ञाला सल्लागार नेमलं. आणि बंद पडलेली पाव्हियों रूज पुन्हा सुरू केली. भाव नुकतेच सावरत होते, मळ्यावर पैसा ओतणं चालू होतं. अशा वेळी पिकाचा एक हिस्सा मुद्दाम कमी किमतीला विकायचा! दुकानदाराला मालाची निवड कळते म्हणतात, ती अशी.

१९७८ च्या हंगामाची मार्गो बाहेर आली आणि जाणकारांनी माना डोलावल्या. पण आंद्रे यांना ते यश फार काळ पाहता आलं नाही. १९८० च्या डिसेंबरात ते गेले. मळ्याची सूत्रं त्यांची मुलगी कोरीन हिच्या हाती आली. तिनं तिशीही गाठली नव्हती. निवड जरा सैल केली असती तर तिजोरी लवकर भरली असती. तिनं ती आणखी घट्ट केली. आता परिस्थिती अशी आहे, की अलीकडच्या अनेक हंगामांत मार्गोच्या पिकातला जेमतेम एकतृतीयांशाच्या आसपासचा भाग थोरल्या बाटलीत जातो. २००९ च्या हंगामापासून तर धाकटीलाही धाकटं भावंड आलं. पाव्हियों रूजमध्ये न बसणारी वाइन तिसऱ्या नावानं निघू लागली.

इथेच दुसऱ्या वाइनचं खरं आकर्षण दडलेलं आहे. थोरलीची चाळणी जितकी बारीक, तितका धाकटीच्या वाट्याला चांगला माल येतो. एके काळी जी वाइन बेलाशक थोरल्या लेबलाखाली गेली असती, त्यातली बरीच आज धाकटीत उतरते. म्हणजे थोरलीच्या मालकाचा कडकपणा धाकटी पिणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

दुसरी गोष्ट मुरण्याची. लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत. मोठ्या बोर्दोचंही तसंच. तरुणपणी ती इतकी तुरट आणि घट्ट असते, की जीभ आखडते. पंधरा-वीस वर्षं अंधाऱ्या, गार तळघरात पडून राहिली की मग ती बोलू लागते. ज्याच्याकडे तळघर नाही आणि वाट पाहायला वीस वर्षंही नाहीत, त्यानं काय करावं? धाकटीत तरुण वेलांची द्राक्षं जास्त, बहुधा मऊ स्वभावाची मेर्लो जास्त, आणि नव्या ओक लाकडाच्या पिंपांचा वापर कमी. त्यामुळे ती लवकर मुरते. पाच-सात वर्षांत ती पानावर बसायला तयार होते. एखाद्या फ्रेंच घरात मुलीची नोकरी लागली म्हणून बाटली उघडायची, तर ती आजच्या जेवणाला उघडता यावी लागते. थोरली नातवाच्या लग्नासाठी ठेवतात.

सगळ्याच धाकट्या काही नुसत्या उरलेल्या मालाच्या नसतात. शातो लातूरची 'ले फोर द लातूर' ही १९६६ च्या हंगामापासूनची. वाड्याभोवतीच्या ४७ हेक्टरांच्या जुन्या आवारातून थोरलीचा प्राण येतो. 'ले फोर'साठी आवाराबाहेरचे ठरावीक तुकडे आणि आवारातले तरुण वेल राखलेले. शातो पाल्मेरनं तर १९९८ च्या हंगामापासून आपल्या दुसऱ्या वाइनचं नावच ठेवलं 'आल्टर एगो', लॅटिनमध्ये 'दुसरा मी'. त्याच जमिनीचं दुसरं रूप दाखवायचं, असा त्यामागचा विचार.

अर्थात नुसत्या नात्यावर भुलून चालत नाही. काही मळ्यांत दुसरी वाइन म्हणजे खरोखरच पोटमाळ्यावरची अडगळ असते, आणि थोरल्या नावाची सावली दाखवून ती खपवली जाते. म्हणून जाणकार दोनच गोष्टी पाहतात. मळा निवडीत कडक आहे का, आणि हंगाम चांगला होता का? चांगल्या वर्षी धाकटीही भरल्या अंगाची निघते. वाईट वर्षी जे पातळ असेल ते आधी तिच्याच पदरात पडतं.

शिवाय प्रसिद्धीचा शाप धाकट्यालाही चुकत नाही. लाफीतची दुसरी वाइन 'कारुआद द लाफीत'. २००८ ते २०११ या काळात चीनमधल्या नवश्रीमंतांना लाफीत या नावाचं वेड लागलं. थोरली परवडेना, म्हणून धाकटीवर उड्या पडल्या. भाव असे चढले, की इतर नामांकित मळ्यांच्या थोरल्या वाइनही तिच्यापुढे स्वस्त वाटाव्यात. पुढे ती लाट ओसरली आणि भाव खाली आले. पण जी वाइन नावाचा सोस नसलेल्या रसिकासाठी होती, तीच नावासाठी विकली गेली. बाटलीतल्या वाइनमध्ये मात्र काही फरक पडला नव्हता.

म्हणून बोर्दोतला एखादा मुरलेला दुकानदार चांगलं गिऱ्हाईक पाहून थोरली बाटली शोकेसमध्येच राहू देतो, मागच्या फळीवरून धाकटी काढतो आणि विचारतो, 'जेवण कधी आहे? आज रात्री? मग ही न्या.' घरी जेवताना पहिला घोट घेणाऱ्याला कुणाचं लेबल वर होतं नि कुणाचं खाली, हे आठवत नाही. आणि मळ्यावर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ते टेबल मांडलं जातं, पुन्हा नमुन्यांचे पेले येतात. थोरल्या घराण्याचं नाव राहतं ते कुणी तरी त्या टेबलावर स्वतःच्याच मालाला 'नाही' म्हणतं म्हणून. आणि त्या 'नाही'तून जे बाजूला निघतं, ते घराघरांतल्या जेवणाला गोडी आणतं. धाकट्या पातीनं याहून अधिक काय करावं?