वसंताची चोरओटी

नाताळची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती आणि सहावीच्या वर्गात मी सहा ऋतू शिकवत होते. फळ्यावर ओळीनं लिहिलं, चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, आणि असं करत करत शेवटी माघ-फाल्गुन शिशिर. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, वसंत पंचमी तर माघात येते. मग ती शिशिरात कशी?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." आम्हा शिक्षिकांचं हे हुकमी शस्त्र! घंटा झाली आणि मी सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. त्याचं उत्तर मला घराभोवतीच्या बागेनं दिलं, आणि ते पुरतं कळायला चैत्र उजाडावा लागला.

आमचं घर साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. सातारा आणि फुलं म्हटलं की सगळ्यांना कासचं पठार आठवतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तर भाद्रपद लागला की आमच्याकडेही पाहुण्यांची रीघ असते. मंडळी पंचवीस किलोमीटर जाऊन फुलं पाहून येतात आणि परतल्यावर माझ्या बागेकडे पाठ करून चहा पितात!

त्यांचंही चुकत नाही म्हणा. बाग ती केवढी! पुढच्या दारी दहा-पंधरा फुटांचं अंगण आणि बाजूला बोळासारखी पट्टी. त्यात कुंपणाशी एक कडुनिंब, फाटकाजवळ पांढरा चाफा, कुंद, जास्वंद, चार गुलाब, शेवंतीचा वाफा आणि दोन मोगरे. सगळं सासूबाईंनी लावलेलं. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्या पायरीवर बसून सांगतात आणि खुरपं माझ्या हातात असतं.

पौषात आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते. हात बाहेर काढवत नाही. पण बागेत शेवंतीचं राज्य असतं. शेवंतीला कळी धरायला नुसती थंडी पुरत नाही, रात्र मोठी लागते. म्हणूनच ज्यांच्या वाफ्यावर रात्रभर रस्त्याचा दिवा पडतो, त्यांची शेवंती नुसती उंच होते आणि कळीचं नाव काढत नाही. तुमचीही तक्रार तशी असेल तर झाड दिव्याच्या उजेडातून हलवून पाहा. शेवंतीच्या जोडीला कुंद. त्याला वास बेताचा, पण पांढरा किती स्वच्छ! मावा तेवढा सांभाळावा लागतो. आभाळ भरून आलं की शेंड्यांवर काळे ठिपके दाटलेच. साबणाचं पातळ पाणी फवारायचं आणि तासाभरानं साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बाहेरून फुलं आणत नाही. आदल्या दिवशी दुपारी सासूबाई परात घेऊन बसतात आणि शेवंतीच्या वेण्या करतात. त्यांची बोटं अजून इतकी चालतात की बघत राहावं. वीस-पंचवीस बायकांना पुरतील एवढ्या वेण्या होतात. मग हळदीकुंकवाच्या दिवशी पहिली बाई फाटकातून आत आली की त्या हात धुतात आणि आतल्या खोलीत जाऊन बसतात. सासरे गेले त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षं हे असंच चाललं आहे. त्यांना कुणी आत जा म्हटलेलं नाही. पण बसा असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता मोगऱ्यांविषयी सांगते. दोन्ही मोगरे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेले. एक तुळशीशेजारी, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. मार्गशीर्ष सरला की सासूबाईंचा हुकूम सुटतो, "मोगऱ्याला पाणी बंद." तीन-चार आठवडे थेंब द्यायचा नाही. याला म्हणतात ताण देणं. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, झाडाचा नुसता खराटा होतो. बघवत नाही हो! आजवर हे सारं त्याच करायच्या, त्यामुळे मला काही वाटत नसे. पण आता रोज खिडकीत भांडी घासायला उभं राहायचं आणि समोर तो सुकत चाललेला मोगरा. चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी हळूच खिडकीतून ओतलं. मग रोजच ओतू लागले. सासूबाईंना पायरीवरून खिडकीखालचं दिसत नाही, असा माझा समज!

वसंत पंचमी आली. देवाला वाहायला शेवंती होती, पण तिचा उतार लागला होता. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, खालची पानं वाळलेली. पांढरा चाफा तर सांबराच्या शिंगांसारखा बोडका उभा. मी सासूबाईंना वर्गातल्या मुलीचा प्रश्न सांगितला आणि म्हटलं, "आई, पोर बरोबर बोलते. यात वसंत कुठे दिसतोय?"

त्या म्हणाल्या, "त्या चाफ्याला नखानं ओरखडा काढ."

मी काढला. टपकन पांढरा चीक आला.

"आता शेवंतीच्या बुडाशी माती उकर."

वाळल्या काड्यांच्या तळाशी नखाएवढे हिरवे फुटवे बसलेले!

"तिसऱ्या महिन्यात बाईची चोरओटी भरतो, तेव्हा पोट दिसतं का कुणाला?" सासूबाई म्हणाल्या. "ज्यांना ठाऊक असतं तेवढीच भरतात. वसंत पंचमी ही अशी चोरओटी. बारसं चैत्रात."

पुस्तक बघायला गेलं तर तेही हेच सांगतं. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच. दिवस तेव्हापासून रोज थोडाथोडा वाढत असतो. आपल्याला ते मार्चच्या २०-२१ला दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास जाणवतं. झाडांना मात्र आधीपासून कळलेलं असतं.

रथसप्तमी झाली आणि कामं निघाली. शेवंती वीतभर ठेवून छाटली. तिचे फुटवे सावलीत जपायचे म्हणजे पावसाच्या तोंडाशी नव्या वाफ्यात लावता येतात. दोन्ही मोगरे छाटले, भोवतीची माती हलवून उन्हं खाऊ दिली, पाटी पाटी शेणखत घातलं आणि मग पोटभर पाणी दिलं. तुळशीशेजारचा मोगरा अगदी काडीपैलवान दिसत होता. खिडकीखालच्यावर छाटल्यावरही हिरवी पानं होती. मी मनात म्हटलं, माझाच जिंकणार!

फाल्गुन हा आमच्या अंगणात सगळ्यांत मोठा कचऱ्याचा महिना. कडुनिंबाची पानं सकाळी झाडावीत तर शाळेतून येईपर्यंत पुन्हा अंगणभर. मी कुरकुरत झाडत होते, तर वर तांबूस कोवळी पालवी फुटत होती. आपल्याकडे पानगळ आणि पालवी अशा एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येतात. जास्वंदीवर शिंजीर यायचा. थंडीत नराच्या पिवळट छातीवर नुसती काळी रेघ होती. होळीपर्यंत तो सगळा जांभळा-काळा झाला, उन्हात नुसता चमकत होता. दुपारी कुठूनतरी तांबटाची टुक-टुक सुरू झाली. पहाटेची चादर अंगावरून पायाशी गेली.

आणि एके सकाळी तुळशीशेजारच्या मोगऱ्यावर कळ्या दिसल्या. आधी तांदळाच्या दाण्याएवढ्या, मग ज्वारीच्या, मग टपोऱ्या. दहाएक दिवसांत झाड पांढरं झालं. खिडकीखालच्या मोगऱ्याला मात्र पानंच पानं. मोजून सात कळ्या!

मी सासूबाईंपुढे कबुली द्यायला गेले. त्या फुलं निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तांदळाचं पाणी ना? मातीवर पांढरी साय धरलेली दिसायची. बागेतून एक फेरी मारते हो मी, तू शाळेत गेलीस की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून पटलं नसतं तुला. आता मोगऱ्यानं सांगितलंन."

पाडव्याला कडुनिंब फुलला. प्रसादाला फुलोरा आपल्याच अंगणातला. रात्री दारं उघडी टाकली की त्याचा मधासारखा वास घरभर फिरे. चाफ्याच्या बोडक्या टोकांना पानांआधी फुलांचे झुबके आले. चैत्रगौर बसली. हळदीकुंकवाचा दिवस ठरला. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याचे गजरे. आदल्या संध्याकाळी सासूबाई परात घेऊन बसल्या. त्यांची बोटं बघता बघता माझ्या मनात आलं, झाडाला तहान लागली असेल म्हणून मी चोरून पाणी घातलं, आणि घरातल्या माणसाकडे आठ वर्षं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या हात धुऊन निघाल्या तशी मी म्हटलं, "आई, आज आत जायचं नाही. इथं खुर्ची ठेवली आहे."

"बायका काय म्हणतील?"

"म्हणू देत."

त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "हळदीकुंकवाचा आग्रह करू नकोस. ते माझं मला राहू दे. डाळ मी वाटते."

आणि त्या बसल्या. पहिल्या दोघी-तिघी जरा घुटमळल्या. पण शेजारच्या एक आजी आल्या, त्यांनी द्रोण घेतला आणि म्हणाल्या, "कैरी आंबट निघाली वाटतं यंदा." झालं, मग डाळीत कैरी किती घालावी यावर गप्पा रंगल्या!

सगळ्या गेल्यावर परातीत एक गजरा उरला होता. त्या सात कळ्याही त्यातच होत्या. मी तो सासूबाईंच्या हातात ठेवला. काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. नाकाशी धरला आणि उशीखाली ठेवला.

सकाळी माझी धाकटी त्यांच्या कुशीतून उठून आली आणि म्हणाली, "आई, आजीच्या डोक्याला वास येतोय!" मी पाहिलं. त्या पायरीवर बसल्या होत्या. डोक्यावरून पदर होता, आणि पदराखाली अंबाड्याशी काहीतरी पांढरं दिसत होतं.

त्या दिवशी वर्गात मी मागच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं आणि वसंत पंचमी शिशिरात का येते, ते सांगितलं. चोरओटी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. म्हटलं, घरी जाऊन आजीला विचार.