उसातला बिबट्या आणि वेशीवरचा कुत्रा

रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याच्या जलाशयात विसावते आणि पुढे अकोल्याच्या खोऱ्यात उतरते. डोंगर मागे पडले की दुतर्फा उसाचे फड सुरू होतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या भागात बिबट्या त्या उसातच राहतो आणि त्याची पिल्लेही तेथेच जन्मतात. रात्री दुकान बंद करून घरी परतणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाटेपासून तो फारसा दूर नसतो.

डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा या खोऱ्यातील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या या प्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहाराचा हिशेब तर अधिकच उद्बोधक आहे. वजनाच्या मानाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव वा गावातल्या प्राण्यांचे होते. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के, तर जिच्यावरून सर्वाधिक ओरड होते त्या शेळीचा केवळ ११ टक्के!

उघड्या विहिरीत पडणे, रस्त्यावर वाहनाखाली सापडणे, पिंजऱ्याचे गज चावताना सुळे मोडणे, हे धोके सर्वांना दिसतात. आजार मात्र दिसत नाही. कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग मार्जारकुळातील प्राण्यांनाही होतो. डोळ्यानाकातून स्राव, खोकला, पुढे झटके, अशी त्याची लक्षणे असतात. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत दगावले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू आढळला होता. जंगली प्राण्यांत साथ शिरली म्हणजे काय होते, हे दूर पेरू व चिलीच्या किनाऱ्यांवरही दिसले. २०२३ साली तेथे पक्ष्यांच्या फ्लूने हजारो सागरी सिंह मेले. रानातल्या बिबट्याला लस टोचणे सोपे नाही. त्याच्या भक्ष्याला टोचणे शक्य आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हावा. गावोगावच्या शिबिरांत कुत्र्यांना दिली जाणारी रेबीजची लस डिस्टेंपर रोखत नाही. त्यासाठी वेगळी लस आहे. ती पिल्लांना साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून देतात आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने तिची पुनरावृत्ती करावी लागते. कुत्र्याला रोज भाकरी घालणारी घरे बाजारपेठेत पुष्कळ आहेत. जीवदयेच्या पेटीत पैसाही पडतो. त्या पेटीतून दर पावसाळ्यापूर्वी आळीतल्या पिल्लांच्या लसींचा खर्च निघू शकतो. एका मात्रेची किंमत एका जोडी चपलांपेक्षा जास्त नसते.